ताईला कसं दाखवायचं

२ फेब्रुवारी, सोमवार
कॉलेजचा म्युझिक व्हिडिओ महिनाअखेर द्यायचाय. सर म्हणाले, गायकाला पडद्यावर कसं दाखवणार ते आधी एका पानात लिहा. एका पानात? माझी सहा झाली. बाकीच्यांची दया येते.
गायिका ताई. गाणं तिचं, चालही तिचीच. गेल्या वर्षी तिच्या तोंडावरून वारं गेलं, उजवी बाजू ओढल्यासारखी झाली. तेव्हापासून चारचौघांत गायली नाही. बँकेनेही तिला काउंटरवरून उठवून फोनवर बसवलं. मी विचारल्यावर लगेच हो म्हणाली. म्हणाली, एकदा सगळ्यांसमोर तोंड वर करून गायचंय. म्हटलं, बिनधास्त राहा, तुझा भाऊ बसलाय.

५ फेब्रुवारी, गुरुवार
योजना पक्की. कॅमेरा खालून. त्याने माणूस भव्य दिसतो. ताई रोज सकाळी बाथरूमच्या आरशासमोर गाल फुगवून प-फ-ब-भ म्हणते. आई बाहेरून दार ठोठावते. शूटिंगसाठी ताईने निळा ड्रेस आणला, मला न विचारता. असो.
कॅमेऱ्यावर वर्गातला ढापण्या. चष्मा जाड, मित्र चांगला, अक्कल बेताची.

८ फेब्रुवारी, रविवार
गच्चीवर टेस्ट शूट. खालून कॅमेरा लावला की नेमके ओठच आधी दिसतात. ढापण्या म्हणाला, झकास आलंय. त्याला काय कळतंय!
निर्णय: फक्त डावी बाजू. प्रेक्षकांचं लक्ष गाण्यावरून उडू नये, एवढंच कारण. ताईने विचारलं, उजवीकडून कधी घेणार? म्हटलं, तिकडून उजेड नाही. भर दुपारचे बारा वाजले होते. तिने वर सूर्याकडे पाहिलं आणि डावा गाल पुढे केला, म्हणजे पटलं असणार.

१५ फेब्रुवारी, रविवार
गूढता हवी. ताईला खिडकीत पाठमोरी बसवलं. दुसऱ्या ओळीला ती वळली. कट म्हटलं. पुन्हा वळली. पुन्हा कट. शेवटी जरा चढ्या आवाजात सांगितलं, वळायचं नाही. मग नाही वळली. पण खांदे पाडून बसली, त्यामुळे शॉटची पार वाट लागली. दिग्दर्शकाचं दुःख घरच्यांना कळत नाही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार
एडिटिंग. पडद्यावर माणूस कमी पडतोय. उपाय सुचला: मीच. एकटा तरुण, रस्त्याने चालत, ताईच्या आवाजावर ओठ हलवतोय. बाईचा आवाज, पुरुषाचं तोंड. इतकं धाडस वर्गात कुणी केलं नसेल. ढापण्याने शूट करून दिलं, पण संपताच चहालाही न थांबता निघून गेला. जळतो.

२२ फेब्रुवारी, रविवार
घरी दाखवला. ताई निळा ड्रेस घालून बसली. आईने शेजारच्या काकूंनाही बोलावलं. संपल्यावर काकू म्हणाल्या, मुलगा छान दिसतो हो, पण आवाज कुणाचा? आई गॅस बघायला आत गेली. गॅसवर काहीच नव्हतं.
ताईने विचारलं, मी कुठे आहे? खिडकीतला शॉट थांबवून दाखवला. ती म्हणाली, बँकेने मला फोनवर बसवलं तेव्हा मॅनेजरशी भांडायला तूच निघाला होतास ना? तोंड माझं वाकडं झालं आणि लाज तुला वाटते.
मी शांतपणे सहा पानं वाचायला दिली. तिने सगळी वाचली. परत दिली आणि म्हणाली, माझं गाणं काढून टाक.
रागात आहे. उतरेल.

२५ फेब्रुवारी, बुधवार
उतरला नाही. रागावलेलीच नाही म्हणते, पण गाणं काढ म्हणते. पाया पडायचंच काय ते बाकी होतं, तेही केलं. आई म्हणाली, तिच्या मागे लागू नकोस. संध्याकाळी ढापण्या घरी आला, पण माझ्याकडे नाही. ताईकडे. कॅमेरा घेऊन.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार
वर्गात माझा व्हिडिओ लागला. आवाज नाही. मी रस्त्याने चालतोय आणि तोंड उघडतोय, मिटतोय. मागच्या बाकांवर हसून हसून पुरेवाट. सरांनी विचारलं, गाणं कुठाय?
मग ढापण्याचा लागला. ताई खुर्चीत, समोरून, दिवसाउजेडी. उजव्या डोळ्यातून पाणी येत होतं, तिने मध्येच पुसलं. प म्हणताना ओठ निसटला. गात राहिली. कुणी हसलं नाही. शेजारच्या पोराने विचारलं, कोण रे ही, कसली गाते! म्हटलं, ढापण्याच्या ओळखीची आहे कुणीतरी.
संपल्यावर दिवे लागले. ताई मागे दाराशी बसली होती. ढापण्याने बोलावली असणार. पोरं तिच्याभोवती जमली, शेजारचाही गेला. त्याने विचारलं, तुम्ही ढापण्याच्या ओळखीच्या ना? ताईने ढापण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, मी त्याची सख्खी बहीण.
बोट माझ्याकडे होतं.
मग ताई माझ्याकडे आली. स्कूटर आणलीस का, एवढंच विचारलं. घरी येईपर्यंत मागे बसून गुणगुणत होती. हेल्मेटची काच खाली होती म्हणून बरं. माझं तोंड कुणाला दिसलं नाही.