पान एक्केचाळीसवरची क्षमा

ता. ३ मार्च

चि. पंडितास,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझं सद्गुणांवरचं पुस्तक आमच्याच बाइंडिंगखान्यात आलं आणि मालकांनी छापील पानांच्या घड्यांचे फर्मे शिवायला माझ्याच टेबलावर टाकले. मी सगळं पवित्र शास्त्र असंच शिवता शिवता वाचलं, हाती येईल तो फर्मा आधी. म्हणून माझ्या डोक्यात पुनरुत्थान अगोदर आणि उत्पत्ती मागाहून, तू हसायचास. तुझंही तसंच वाचलं. वचन रोज घोळवलं की स्वभावात मुरतं, हे अगदी पटलं.

पान एक्केचाळीसवर मात्र सुई बोटात गेली. बाबांच्या आजारपणात बहिणीचं पत्र मिळूनही परीक्षेपायी गेलो नाही, आणि बहिणीने मनापासून क्षमा केली, असं लिहिलंयस. कधी रे केली? तू मागितलीस कधी? पत्र मिळाल्याचं आज छापून कबूल केलंस. बाबांना तर कळवलं होतंस की ताईने पत्रच टाकलं नाही. शेवटचे अठरा दिवस ते माझ्या हातून पाणी प्यायले, पण माझ्याशी बोलले नाहीत. आत्याच्या मनात तर अजून तेच आहे. तिची नजर गेली, पुस्तक काही ती वाचणार नाही. तू जाऊन तिला खरं सांग. बाकी काही नको.

माया आहे म्हणून कडक लिहिलं.
तुझी ताई

ता. ११ मार्च

ती. ताईस,
प्रभूच्या नावाने सलाम. वि. वि. पत्र पोचलं. टोचण्यात तुझा हात कोण धरणार!

ताई, क्षमा ही मागितल्यावर काढून द्यायची वस्तू नव्हे, ती हळूहळू घडणारी वृत्ती आहे; सातव्या प्रकरणात मांडलंय. तुझ्यात ती घडलेली पाहिली, म्हणून लिहिलं. हाच दाखला उपदेशात दिला तेव्हा दोन भावांनी कोर्टातलं भांडण मिटवलं. आता त्यांचा विश्वास कशाला मोडायचा? आणि आत्याला या वयात कशाला त्रास? प्रकाशनाला ये. तुला व्यासपीठावर बसवायचं ठरलंय.

लोभ आहे तसाच ठेव.
तुझा धाकटा

ता. १९ मार्च

चि. पंडितास,
आशीर्वाद. वि. वि. सातवं प्रकरण पुन्हा वाचलं, अवघड शब्द मालकांना विचारून घेतले. तू म्हणतोस तसं असेलही. मला शास्त्रातून कळलं ते एवढंच, की ज्याचं वाईट केलं त्याच्या दारात आधी जायचं, वेदीपाशी नंतर.

तू जाणार नाहीस, म्हणून आत्याकडे मीच गेले. पत्र टाकलं होतं, असं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं, आणि म्हणाली की एवढं शास्त्र शिकलेला मुलगा खोटं कशाला बोलेल. मी चहाची कपबशी विसळून ठेवली आणि निघाले.

व्यासपीठावर येणार नाही. प्रती सगळ्या शिवून दिल्या, काम चोख आहे.

एक सांगायचं राहिलं. रोजच्या प्रार्थनेत दुसऱ्यांना क्षमा करण्याची ओळ येते. इतकी वर्षं ती म्हणत होते. क्षमा झाली नव्हती, पण म्हणता म्हणता होईल कधीतरी, अशी आशा होती. क्षमा झाल्याचं तू छापलंस, तेव्हापासून त्या ओळीपाशी तोंड मिटतं. पुढची ओळ म्हणते.

तब्येत सांभाळ. घरी सर्वांना आशीर्वाद.
ताई