हिरवा खण

कोकिळाताई,

तुहा पत्ता कोणालेच ठाऊक नाही, तरी लिहून राह्यली. समाजकार्याच्या कॉलेजनं मले चिखलीच्या एका ख्रिस्ती आधारकेंद्रात पाठवलं. लग्नाआधी दिवस गेले म्हणून घरच्यांनी हाकललेल्या पोरी तिथं राह्यतात. तुह्यासारख्या.

काल एकीले सातवा महिना लागला. सिस्टरनं डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, तरी तिचं रडणं थांबेना. "माही ओटी कोण भरंन?" म्हणे.

मी घरी सांगितलं. तुह्या ओटीसाठी घेतलेला, बाबांपासून इतकी वर्सं लपवलेला हिरवा खण आईनं माह्या हातात देल्ला.

"अन् ताई आली तं?"

"तू हिची भर. तिची बी कोणीतरी भरली असंन ना वं?"

आज भरली मी. तुही भरली होती का ताई, कोणी?

तुही,
प्रेरणा