चिठ्ठी न बांधलेली तार

सर, मी हे मराठीत लिहितोय. तुम्हाला यातलं एक अक्षर कळलं नसतं, आणि खरं सांगायचं तर म्हणूनच एवढा धीर होतोय. आज इथे अबूधाबीत, रुवैसच्या रिफायनरीत, शटडाउननंतर आमचं युनिट सुरू करायचं होतं. दहा वाजता त्या परवानगीवर माझी सही व्हायची होती आणि पावणेदहाला मला कंट्रोल रूमच्या पडद्यावर दिसलं की मोठ्या टाकीचा अलार्म बायपास केलाय, म्हणजे टाकी भरून वाहिली तरी तो वाजणार नाही. बायपास लावणाऱ्याच्या जागी नाव नाही. मॅनेजर म्हणाला, "अरे टेस्टिंग का होगा, निकाल दो. यल्ला, साइन करो, खलास." 

तुम्हीच डोळ्यांसमोर उभे राहिलात. बुडापेस्टमध्ये टेलिफोन एक्सचेंजने टाकून दिलेले रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, जोडून तुम्ही गणकयंत्र उभं केलं होतं. मग आयुष्यभर पोरांना शिकवलंत, कारखान्यांत कॉम्प्युटर बसवलेत आणि निवृत्तीनंतर सल्लागार म्हणून इथे आमचा विभाग सांभाळायला आलात. तेव्हा मी पुण्याहून नुकताच आलेला, अंगात भलती मस्ती. तुमचा नियम एकच: चाचणीसाठी तार वळवून अलार्म बंद केला की त्या तारेला पिवळी चिठ्ठी बांधायची, वर आपलं नाव लिहायचं, आणि ज्याने बांधली त्यानेच सोडायची. तुमच्या त्या पहिल्या यंत्रातही अशाच चिठ्ठ्या लटकायच्या म्हणे. मला तो म्हातारपणाचा चाळा वाटायचा. एक दिवस मी तार वळवतो, पाच मिनिटांचं तर काम म्हणून चिठ्ठी बांधत नाही, आणि तसाच जेवायला जातो. परत येतो तर टाकी काठोकाठ भरलेली, अलार्म गप्प, आणि तुम्ही, सत्तरीचे, स्वतः वर चढून हाताने व्हॉल्व्ह बंद करताय. दुपारच्या मीटिंगमध्ये साहेब विचारतात, तार कोणी वळवली? मी टेबलाकडे बघत बसतो. तुम्ही एकदा माझ्याकडे बघता आणि म्हणता, "विभाग माझा, चूक माझी." महिन्याभरात तुम्हाला परत पाठवलं. जाताना चिठ्ठ्यांचा उरलेला गठ्ठा माझ्या हातात दिलात. "तुला लागतील," एवढंच म्हणालात. मी तुम्हाला कधी दोन ओळी पाठवल्या नाहीत, आणि मग तुम्ही गेल्याचंच कळलं.

आज मी सही केली नाही. "आधी नाव सांगा," मी चक्क ओरडलो. मॅनेजर घड्याळ दाखवत होता, बाकी सगळे खाली बघत होते. तेवढ्यात आमची शारजात वाढलेली मराठी इंजिनियर उभी राहिली. "इट वॉज मी, सर. काल टेस्ट केली, काढायचा राहिला." कबूल करायला दोन मिनिटंही लागली नाहीत तिला. मला तिचा अभिमान वाटला आणि स्वतःची लाज वाटली. बायपास तिलाच काढायला लावला, अलार्म वाजवून बघितला, मगच सही केली. युनिट तासभर उशिरा सुरू झालं, मॅनेजर अजून फुगलाय आणि तिची चौकशी होणार आहे.

नंतर कँटीनमध्ये डोळे पुसत तिने विचारलं, "सर, डिड इट एव्हर हॅपन टू यू?"

मी म्हणालो, नाही.

तुमचा गठ्ठा माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, हा कागदही तिथेच ठेवतोय. ती तार माझी होती, सर. तुम्हाला ते माहीत होतं. तिला उद्या सांगेन म्हणतोय. तेव्हाही मी असंच म्हणत होतो.