एकसष्ट वेळा

३ सप्टेंबर

दिसलं! अकरा वाजून चाळीस मिनिटांनी, दुसऱ्या स्क्रीनवर. तीनदा तपासलं, मगच खुर्चीतून उठले.

टिक, म्हणजे आवरता न येणारा झटका, येऊन खांदा उडायच्या आधी सव्वा सेकंद मानेचा स्नायू हलकेच ताणला जातो. डोळ्यांना दिसत नाही, सेन्सरला कळतं. आणि नेमकं त्याच क्षणी मूल हातातलं बटण दाबतं. "आता टिक येणार असं वाटलं की दाब," एवढंच आम्ही सांगितलेलं असतं. म्हणजे आतली ती ओढ खरी आहे. मोजता येते! इतकी वर्षं मुलं सांगताहेत, "आधी कळतं हो!" आणि मोठी माणसं म्हणताहेत, "मग थांबव ना."

अभ्यास चालवणाऱ्या डॉक्टरबाईंना सांगितलं. "किती मुलांत?"
म्हटलं, नऊ.
"चाळीस झाली की नाच."

मी नाचत नाही. पण बाटलीत पाणी भरायला गेले ती रिकामीच घेऊन परतले.

४ सप्टेंबर

आई म्हणाली, "आज काय, चक्क गुणगुणतेस?" म्हटलं, पंखा असेल.

६ सप्टेंबर

एकवीस नोंदींत सापडलं. एकवीस!

नोंदींवर फक्त क्रमांक असतात. अर्धी मुलं टिकवाली. त्यांतल्या काहींत टिक, मंत्रचळ आणि चिंता अशी तिन्ही बिऱ्हाडं एकत्र नांदतात. उरलेली अर्धी त्रास नसलेली, बहुतेक याच मुलांची भावंडं, तुलनेसाठी. कोण कुठल्या गटातलं हे मला ठाऊक नाही. व्हिडिओ बघून टिक मोजणाऱ्या शंकासुरालाही नाही. (नाव मी ठेवलंय. तो त्यावर खूश आहे.)

एकच विचित्र. क्रमांक २७: बटण एकसष्ट वेळा, टिक शून्य.

"स्प्रिंग अडकली असेल," शंकासुर म्हणाला. "मागच्या महिन्यात नव्हती का अडकली? टाक बादमध्ये."

टाकली.

९ सप्टेंबर

छत्तीस. भूक लागत नाही. हे लिहून ठेवते, कारण उद्या मी ते नाकारीन.

१० सप्टेंबर

मी मूर्ख आहे.

अडकलेलं बटण एकच लांबलचक दाब नोंदवतं. एकसष्ट सुटे दाब नोंदवत नाही. हे सॉफ्टवेअर मीच लिहिलंय!

२७ बादमधून बाहेर काढली. मानेचा आलेख लावला. एकसष्ट दाब — एकसष्ट चढ. प्रत्येक चढ सव्वा सेकंदाचा, आणि पुढे काहीच नाही. खांदा नाही, डोळा नाही. शंकासुराला व्हिडिओ पुन्हा बघायला लावला.

"दगडासारखं बसलंय ग. अंगठा तेवढा हलतोय."
"वीस मिनिटं?"
"पूर्ण वीस."

त्याने एकही शंका काढली नाही. मीच बोलत सुटले — हालचाल नसतानाही ओढ दिसते! म्हणजे आपण हालचालीची सुरुवात मोजत नाही, ओढच मोजतोय! बाकी सगळ्या नोंदी एकीकडे आणि ही एक एकीकडे. तो म्हणाला, "हळू बोल, मला ऐकू येतं." मी हळू बोलले नाही.

११ सप्टेंबर

डॉक्टरबाईंनी आलेख बघितला. म्हणाल्या, "हे मूल रुग्ण असेल तर त्याच्यावर उपचार चालूच आहेत. नसेल तर?"

म्हटलं, तीन आठवड्यांनी सगळेच क्रमांक उघडणार आहेत, कुठला कोणाचा ते तेव्हा कळेलच. आत्ता उघडला तर नियमाप्रमाणे २७ तक्त्यातून जाईल. आणि तशी दुसरी नोंद नाही.

"जाईल," त्या म्हणाल्या. "अर्ज तू करायचास. सही माझी."

दुपारी काहीच केलं नाही. नाही — एक गणित केलं. वीस मिनिटांत एकसष्ट, तर दिवसाला किती, तीन आठवड्यांना किती. करायला नको होतं.

साडेचारला अर्ज लिहिला. 'कारण' या रकान्यात: मूल सगळं आतल्या आत थोपवतं आहे. कोणाला माहीत आहे का, ते बघायचं आहे.

१२ सप्टेंबर

उघडला. रुग्ण नाही. क्रमांक ९ ची धाकटी बहीण, वय तेरा. आईने भरलेल्या फॉर्मवर: 'कसलाही त्रास नाही. फार गुणी आहे.'

२७ खोडली. वाईट वाटेल असं वाटलं होतं. पण शंकासुर म्हणाला, "पुढच्या फेरीत मुलांना मुद्दाम थोपवायलाच सांगू की! अशा ढीगभर नोंदी मिळतील." मुद्दाम! हे मला का सुचलं नाही? संध्याकाळपर्यंत अर्धा आराखडा तयार. सहा पानं!

१५ सप्टेंबर

ती आली. आईला बाहेर बसवलं. डॉक्टरबाई विचारत होत्या, मी कोपऱ्यात वायरी गुंडाळत होते.

"कधीपासून ग?"
"दुसरीपासून."
"आणि घरात कोणालाच कळलं नाही?"
"दादाचं असतं ना दिवसभर. आई त्यातच दमते. मी शाळेतून आले की आधी जिन्यात सगळं करून घेते. मग बेल वाजवते."