उपकरण वापरात आहे

सोमवार, ४ ऑगस्ट
चांदे गावात बस्तान बसलं एकदाचं! भिवाजीकाकांच्या घरावरची खोली झकास आहे. खिडकीतून भातखाचरं दिसतात, पलीकडे हिंजवडीचे टॉवर. लातूरची पोरगी आता घरूनच नोकरी करणार. फक्त शुक्रवारी अकराला ऑनलाइन मीटिंगमध्ये साहेबांपुढे बोलून काम दाखवायचं, तरच नोकरी पक्की. नाहीतर गाठोडं बांधून परत. गोजराकाकूंनी पिठलं-भाकरी दिली आणि बजावलं, "वर येकच हाक आली तर ओ दिऊ नगं. माणूस आसंल तर तीनदा मारंल." मला हसू आवरेना.

मंगळवार, ५
माइक चालेना. लिनक्समध्ये माइक सुरू करायची कमांड दिली की एकच उत्तर: 'उपकरण वापरात आहे'. कोण वापरतंय विचारलं तर यादी कोरी. टीममधला मनीष म्हणाला, हे एरर मेसेज एक नंबरचे थापाडे. परवानगी नसली तरी हेच सांगतात, मनावर घेऊ नकोस. परवानग्या दिल्या, ड्रायव्हर नव्याने टाकला, मशीन दहादा बंद-चालू केलं. ढिम्म.

बुधवार, ६
वैतागून माइकची पिनच उपटली. आता तरी 'उपकरण सापडत नाही' यायला हवं ना? नाही. 'वापरात आहे'. आणि स्क्रीनवरची आवाजाची पट्टी हलतेय. मी गप्प बसलेय आणि ती हलतेय. घाबरले, खोटं कशाला बोलू. काकू म्हणाल्या, खालीच राहा. पण नेट वरच मिळतं, आणि शुक्रवार तोंडावर आलाय.

गुरुवार, ७, दुपार
पिन परत लावली. मनीष म्हणाला, माइक जबरदस्तीने सोडवायची कमांड दे. दिली. लगेच हेडफोनमध्ये बाईचा आवाज आला, "क्षितिजा, ऐकू येतंय का?" दिवसातून वीसदा विचारतात तसाच. मी सवयीने म्हणाले, "हो, येतंय."
मग पाहिलं, मीटिंग सुरूच नव्हती.
एकच हाक होती.
माइक आता नीट चालतोय. 

शुक्रवार, ८
१०:४०. आवाज फुटत नाही. ओठ हलतात, घसा कोरडा ठाक. मीठ-पाणी, हळद — काही नाही. अकरा वाजत आले —

११:२०. मीटिंगमध्ये शिरताच आलं नाही. तरी मनीषचा मेसेज: छान बोललीस, साहेब खूश, नोकरी पक्की.
मी बोललेच नाही. उत्तर टाइप करायला गेले — 'उपकरण वापरात आहे'. मोबाइलवरही तेच.
मशीन खरं तेच सांगत होतं. पहिल्यापासून —

११:३५. खाली माझा आवाज. माझाच, लातुरी हेलासकट. काकूंना सांगतोय, खोली सोडली, वर कुणी नाही. काकूंनी येऊन बाहेरून कडी घातली — मी दार बडवलं — काकू थांबल्यात. दाराला कान लावून म्हणतायत, "माणूस आसशील तर तीनदा हाक मार."

तोंड उघडलंय. एकदा — दोनदा —
काकू जिना उतरतायत — काकू, मी