सहावा रकाना

१९ सप्टेंबर, मंगळवार

चि. भिंगरी,

आजीकडून तुझ्या दोन्ही गालांवरून हात. आम्ही दोघं बरे आहोत. आजोबांचा गुडघा आणि माझे कान सोडले तर तक्रार नाही, आणि कान गेल्याचा फायदा असा की आजोबांची कुरकुर निम्मीच ऐकू येते.

अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. तू सहा वर्षांची होतीस तेव्हा मागच्या पायरीवर कोळशानं अक्षरं गिरवून घेतली ती मीच, आणि माझी स्वतःची शाळा तिसरीपर्यंत. तेव्हा तुझ्या चुका मी काढत नाही, माझ्या तू काढू नकोस. फोनवर बोलले असते, पण फोन आला की आजोबा शेजारी येऊन बसतात. ऐकत नाही असं दाखवतात आणि सगळं ऐकतात.

आधी आनंदाची बातमी. नाशपती धरली गं. चार वर्षांपूर्वी तू तुझ्या रोपवाटिकेतून कलमाच्या बारा काड्या पाठवल्या होत्यास, आठवतं ना? ओल्या कागदात गुंडाळलेल्या, टोकांना मेण लावलेलं, आणि बरोबर शिक्क्यांचे एवढे कागद की आजोबा म्हणाले, "आपल्या लग्नातसुद्धा इतक्या सह्या नव्हत्या." मी त्या खुंटांवर बांधल्या. नियमाप्रमाणे दोन वर्षं कुंपणापलीकडे एकट्या ठेवल्या. तपासणीचे साहेब दर महिन्याला येऊन पान न् पान उलटून बघून जायचे. बारातल्या नऊ जगल्या. यंदा त्यांना सतरा फळं लागली.

आणि खरी गोष्ट फळांची नाहीच. यंदा ऐन फुलोऱ्यात आठवडाभर ओल होती. खालच्या अंगाच्या सगळ्या बागांना करपा लागला. फुलं काळी पडली, कोवळे शेंडे आकड्यासारखे वाकले, जणू कोणी खालून पेटती काडी फिरवली असावी. मी रोज चष्मा लावून तुझ्या झाडांपाशी जायचे. उद्या दिसेल, परवा दिसेल, असं करत महिना गेला. एक पान काळं झालं नाही. तुमच्या लोकांनी ही जात शोधायला वीस वर्षं घातली म्हणतेस, ती वाया गेली नाहीत असं त्यांना माझ्यातर्फे सांग.

पहिलं फळ आजोबांना दिलं. त्यांनी चारदा वास घेतला, फोड चावली, आणि म्हणाले, "बरं आहे." बावन्न वर्षांत माझ्या स्वयंपाकाला हे शब्द दोनदा मिळालेत. तू तिकडे बसून काय ते समज.

तुझी लाल घडवंची अजून आहे. तुझ्या बाबानं तुझ्यासाठी केली होती ती. एक पाय लंगडा झालाय. आजोबा कलमं बघायला तीच घेऊन बसतात आणि मी आले की उठतात, जणू सहजच टेकले होते.

आता तुझा तो छापील कागद. जात कशी वागली ते रोपवाटिकेला कळवायचं म्हणून पाठवलास, आणि प्रत्येक प्रश्नाखाली तुझ्या हातानं आपल्या भाषेत लिहिलंस, ते फार बरं केलंस. पहिले पाच रकाने पटापट भरले. फुलं कधी आली, किती शेंडे काळे पडले (शून्य लिहिलं, दोनदा गिरवलं), साल फुटली का, सगळं. मग सहावा. "तुमच्या बागेत हा रोग पहिल्यांदा केव्हा आणि कुठून आला?"

मी मोठ्यानं वाचला. आजोबा चहा ओतत होते. मान वर न करता म्हणाले, "लिही. एकोणीस वर्षांपूर्वी. मुलानं परदेशातून लपवून आणलेल्या काड्यांतून."

मी एकोणीस लिहिलं आणि थांबले. म्हटलं, शाई संपली. शाई संपली नव्हती. तो कागद अकरा दिवस मिठाच्या बरणीखाली पडून राहिला.

भिंगरे, इथून पुढचं तू एकटी वाचू नकोस. बाबाला समोर बसव आणि वाचून दाखव. तो उठून जायला लागला तर दारात उभी राहा.

तो पाच काड्या घेऊन आला होता, ओल्या पंच्यात गुंडाळून, पेटीच्या तळाशी, कागदाशिवाय. ती चूक त्याचीच, आणि ती मी धुऊन टाकत नाही. पण त्यानं त्या बागेत घातल्या नाहीत. विहिरीपलीकडच्या कोपऱ्यात पाच कुंड्यांत लावल्या आणि मला बजावलं, "आई, दोन वर्षं इकडे कोणी फिरकायचं नाही. तूसुद्धा नाही." मी फिरकले नाही.

त्याच सुमाराला माझा भाऊ शिडीवरून पडला. पायाचं हाड मोडलं. त्याची छाटणी अडली म्हणून मी चार दिवस गेले. त्याच्या झाडांवर काही फांद्यांना खोल काळे चट्टे होते, चिकट पाणी सुटलेले. "हिवाळ्यानं जळल्यात, काप," तो म्हणाला. मी कापल्या. माझ्या सुरीनं, जिच्यानं मी कलमं बांधते. आपल्या घरात कलमाचा हात माझाच, हे तुझ्या बाबाला विचार. घरी आले, आणि दुसऱ्याच दिवशी तिसऱ्या ओळीतल्या चाळीस झाडांवर कलमं बांधली. सुरी पदराला पुसली. स्पिरिटला लावली नाही. आदल्या वर्षीच तुझ्या बाबानं बाटली आणून ठेवली होती, "प्रत्येक झाडाला एकदा बुडवायची" म्हणून. मी त्याला हसले होते. "मी झाडं बांधते, ऑपरेशन करत नाही," म्हणाले होते.

फुलोऱ्यात पहिलं झाड काळं पडलं ते तिसऱ्या ओळीत. दुसरंही. मग सगळी ओळ, आणि मग दोन्ही बाजूंनी. विहिरीपलीकडच्या पाच कुंड्या हिरव्यागार होत्या. मला कळलं. त्या सकाळीच कळलं.

मी बोलले नाही. बोलले असते तर भावाची बागही साहेबांनी जाळायला लावली असती आणि तो खाटेवर पडलेला. पुढच्या वर्षी ती जळलीच. म्हणजे माझं गप्प बसणं त्यालाही उपयोगी पडलं नाही. त्यानंतर नुसती भीती उरली, आणि एकदा न बोललेलं दुसऱ्या दिवशी बोलायला दुप्पट जड जातं.

आपली तीनशे दहा झाडं जाळली. आजोबांनी त्या पाच कुंड्या उपटल्या तेव्हा तुझा बाबा म्हणत होता, "अण्णा, यांच्यावर एक डाग नाही. बघा तरी." त्यांनी बघितलं नाही. मी दारात उभी होते, हातात तुझं दूध होतं.

आणि एक गोष्ट मला इतकी वर्षं डाचते. त्याच्या आदल्या दिवशी तो वही घेऊन सगळ्या ओळी फिरला. घरात आला आणि म्हणाला, "आई, सुरी कुठंय?" मी दिली. त्यानं ती मोरीत नेऊन घासली, बाटलीत बुडवली, खिळ्याला लावली. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि हात पुसून निघून गेला. त्याला ठाऊक होतं गं. ठाऊक असून त्यानं सगळं स्वतःवर घेतलं, तुला कडेवर घेतलं आणि घर सोडून गेला, तो अजून आलेला नाही.

काल आजोबांना सांगितलं. ते घडवंचीवर होते, मी गवतावर बसले, मला पळता येऊ नये म्हणून. सगळं सांगितलं, जसं वर लिहिलंय तसंच. ते बराच वेळ गुडघा चोळत राहिले. मग कुदळ घेऊन विहिरीपलीकडे गेले. एकोणीस वर्षांत तिथं आम्ही भाजीसुद्धा लावली नाही. मी मागून गेले नाही, हिंमत झाली नाही. जेवायला आले तेव्हा हात मातीनं भरले होते. माझ्याकडे न बघताच ते धुतले. ताट मात्र स्वतः वाढून घेतलं नाही, मी वाढायची वाट बघितली.

आज सकाळी बरणीखालून कागद काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवला. "सहावा भर," म्हणाले. मी लिहिलं: घरच्या सुरीतून, घरच्याच माणसाच्या हातून. त्यांनी वाचलं आणि खाली सही केली. सही मागितली नव्हती तुम्ही.

मग शेवटचा रकाना, आणखी किती काड्या हव्यात. मी म्हटलं, वीस मागू? त्यांनी मान हलवली. "पाच," म्हणाले. "खड्डे तेवढेच खणलेत." दारापर्यंत गेले आणि तिथून, पाठमोरेच म्हणाले, "पोस्टानं नको म्हणावं. सगळे कागद करून माणसाबरोबर पाठवा. माझा हात थरथरतो, कलमं कोण बांधणार?"

मी बांधू शकते. माझा हात अजून स्थिर आहे. पण मी तसं म्हटलं नाही.

तुझ्या बाबाला सांग, सुरी धुतली आहे आणि त्याच खिळ्याला आहे.

तुझी आजी,
आणि त्याची आई