अंतरपाटावरचं नाव

सोमवार, १० नोव्हेंबर
मिस्त्री सकाळी साडेआठला हजर. स्वयंपाकाचा जुना ओटा दहा मिनिटांत फोडला. चाळीस वर्षं आमची ही त्या ओट्यापुढे उभी राहिली, आणि दहा मिनिटं.

रविवारी मुक्ताचं केळवण इथेच, करी रोडच्या या खोलीत. नातीचं पहिलं केळवण आपल्या घरी, हे हिचं ठरलेलं. म्हणून संजयने हे काम काढलंय. ओटा, मोरीकडची गळती, रंग. ठाण्याहून फोनवर म्हणाला, "बाबा, शनिवारपर्यंत होऊन जाईल, तुम्ही फक्त बसून राहा."

बसून राहायचं तर मला चांगलं जमतं.

ट्रंक हलवताना उशीच्या अभ्र्यात अंतरपाट सापडला. विसरलो नव्हतो, फक्त काढला नव्हता. मुक्ताच्या लग्नासाठी ही तो दोन वर्षं भरत होती. मधे स्वस्तिक, कडेला आंब्याची पानं, एका टोकाला 'मुक्ता'. दुसरं टोक कोरं. "नवरा मिळू दे, मग त्याचं नाव." गेल्या श्रावणात ही गेली. सुई अजून कापडात टोचलेली, पिवळा धागा ओवलेला, उरलेली लडी शेजारी.

आता नवरा मिळालाय. निनाद. चांगला मुलगा आहे, हसतो फार.

रविवारपर्यंत त्याचं नाव भरून मुक्ताच्या हातात द्यायचं. दुसऱ्या कुणी नाही, मीच.

मंगळवार, ११ नोव्हें.
समोरच्या विमलवहिनींकडे गेलो. त्या आणि ही दुपारच्या एकत्र भरायला बसत. म्हणाल्या, "द्या इकडे भावोजी, तासाभरात उरकते."

नाही म्हटलं.

"मग शिका."

जुन्या रुमालावर साखळी टाका शिकवला. सुई वर, धाग्याचा फास, फासातून परत वर. सात वेळा चुकलो. "अहो, सुई धरल्यात की पहार? गिरणीत जन्म गेला तुमचा!"

गिरणीत मी घडी खात्यात. कापड यायचं ते विणून, रंगून, कांजी होऊन. हातांनी मैलोन् मैल कापड मोजलं, पण टाका एक घातला नाही.

चौथीत मास्तर बाकावर ताल धरून वृत्त म्हणायला लावायचे. लगागा लगागा लगागा लगागा. एक आखूड, दोन लांब. आज टाके त्याच चालीत पडायला लागले. वहिनींनी रुमाल डोळ्यांजवळ नेला.
"हे लहान-मोठे का पडतायत?"
"भुजंगप्रयात आहे."
"काय ते असू दे, पण एका मापाचे घाला."

बुधवार, १२
घरभर सिमेंटची धूळ. खोकला. अंतरपाट सगळा गुंडाळून जुन्या चादरीत बांधला, फक्त कोरं टोक बाहेर ठेवून हिच्या भरतकामाच्या लाकडी रिंगणात ताणलं. गॅलरीत खुर्ची टाकली. पेन्सिलीने नाव काढलं. अक्षर माझं चांगलं, त्याची काळजी नव्हती.

मिस्त्री चहाला बाहेर आला. जरा वेळ बघत राहिला.
"चाचा, ये तो दादी लोग का काम है ना?"
म्हटलं, "हां. उनकी ड्यूटी पे हूँ."
हसला. मग हसू आवरून भिंतीवरच्या फोटोबद्दल विचारलं, तो उतरवायचा का, रंग लागेल. उतरवला. वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटावर ठेवला.

दिवसभरात 'नि' झाला. वेलांटीला तीनदा सुई मोडते की काय असं वाटलं. बोट टोचलं. हिच्या बोटाला ती लोखंडी टोपी असायची, ती कुठे...

सगळीकडे शोधली. नाही.

गुरुवार, १३
वायरमनमुळे दुपारपर्यंत लाइट नाही. संजय येऊन गेला. कानाला फोन, हाताने लाद्यांकडे खूण. मला तीनदा विचारलं, "बाबा, जेवलात ना?" दोनदा हो म्हणालो. तिसऱ्यांदा मुद्दाम नाही म्हणालो. "गुड," म्हणाला आणि जिना उतरला.

रागावलो नाही. त्याचं डोकं चार ठिकाणी असतं. पण चादरीचं गाठोडं मांडीवरच होतं, आणि त्याने हे काय म्हणून विचारलं असतं तर सांगणार होतो.

मधला 'ना' झाला. ऊन खाली सरकेपर्यंत बसलो. समोरच्या टॉवरची सावली आता चार वाजताच गॅलरीत येते. पूर्वी या वेळी भोंगा व्हायचा आणि सगळा रस्ता माणसांनी...

असो.

शुक्रवार, १४
'द' झाला. त्याचं पोट नीट गोल येईना, दोनदा उसवला. पिवळा धागा अगदी शेवटच्या टाक्यापर्यंत पुरला, गाठीपुरता उरला. हिनेच मोजून ठेवल्यासारखा.

निनाद. मोठ्याने वाचलं.

वहिनी दादरला बहिणीकडे. मिस्त्री भिंत घासत होता. फोटोही उतरवलेला. दाखवणार कुणाला? पुन्हा एकदा मोठ्याने वाचलं, मग गुंडाळून ठेवलं.

शनिवार, १५
मिस्त्री गेला. ओटा काळा, चकचकीत, त्यात माझं तोंड दिसतं. लादी पुसून घेतली आणि स्वच्छ पलंगावर अंतरपाट पहिल्यांदा पूर्ण उलगडला.

'मुक्ता' सुलटं. 'निनाद' उलटं.

आधी कळेचना. मग कळलं. चादरीतून बाहेर काढलेलं टोक मी उलट्या बाजूने ताणलं होतं. हिचं बाकीचं काम झाकलेलं, आणि कोऱ्या कापडाला उलट-सुलट काय कळणार. समोरून बघितलं तर 'निनाद' आरशातल्यासारखं. मागून बघितलं तर ते नीट आणि 'मुक्ता' आरशातलं.

घडी खात्यात एकतीस वर्षं. कापडाची उलटी बाजू अंगठ्याने ओळखायचो, डोळे मिटून. आणि नातीच्या अंतरपाटाला...

वहिनींना बोलावलं. आधी हसल्या, पदर तोंडाला लावून. मग माझ्याकडे बघून थांबल्या. "उसवून देते. संध्याकाळपर्यंत दुसरं भरते."

कात्री त्यांनीच आणली. मी पहिल्या टाक्याखाली घातली. कापड तलम, भोकं राहणार, आणि हा धागा पुन्हा मिळणार नाही. वहिनी म्हणाल्या, "भावोजी, धागा धागाच असतो." बरोबर आहे त्यांचं. कात्री परत दिली.

ठरवलं, उद्या दाखवायचाच नाही.

रविवार, १६
केळवण झालं. सतरा माणसं. पाटाभोवती रांगोळी, पुरणपोळी, वालाचं बिरडं. मुक्ता हिरव्या साडीत. हिच्यासारखी मुळीच दिसत नाही, पण जेवताना डावा हात पदरावर ठेवते तो...

सगळे ओट्याचं कौतुक करत होते. मला कुणी दोनदा बसायला खुर्ची दिली आणि दोनदा सामान ठेवायला उठवलं.

जेवणानंतर सूनबाईने फोनवर दाखवलं, अंतरपाट मागवलाय. छापील, दोघांचे फोटो, खाली तारीख. फोन हातोहात फिरला. "क्यूट!" माझ्याकडे आला. छान आहे म्हटलं. छान होताच.

तेवढ्यात विमलवहिनी मोठ्याने, "भावोजी, तुमचा काढा की! चार दिवस बोटं टोचून घेतलीत ती कशाला?"

पळायला जागा नव्हती. काढला.

सगळे वाकून बघायला लागले. मग मालवणची आत्ते, माझी धाकटी बहीण: "गे बाय! घोव उलटो लागलो!" नवरा उलटा! सगळे हसले. मीही हसलो, सगळ्यांच्या आधी थांबलो. संजय हसला नाही. कापड हातात घेऊन म्हणाला, "हे आईचं ना?" आणि मग, "बाबा, हे तुम्ही भरलंत? कधी?"

गुरुवारी तुझ्यासमोर बसून, असं म्हणालो नाही.

मुक्ताने एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं बापाच्या. एका बाजूने बघितलं. वळसा घालून दुसऱ्या बाजूने. "इकडून मी. तिकडून तो." एवढंच बोलली. सूनबाई म्हणाल्या, "अगं, पण आपला येतोय ना बुधवारी." मुक्ता म्हणाली, "बघू गं." मग हातातलं कापड घडी करत राहिली. नीट घडी येत नव्हती तिला. मी करून दिली.

पाच वाजता सगळे निघाले. अंतरपाट तिच्या पिशवीत गेला. इथे राहून जाईल असं वाटलं होतं.

सोमवार, १७
फोटो पुन्हा लावला. खिळा नवा, अर्धा इंच डावीकडे. काही लिहिण्यासारखं नाही. उरलेली पोळी दोन वेळा खाल्ली.

मंगळवार, १८
दुपारी मुक्ताचा फोन. तीन मिनिटं. हॉलमधलं जेवण, मेंदीवाली, मामाची सुट्टी. ठेवता ठेवता: "आजोबा, अंतरपाटाची सुलटी बाजू कुणाकडे धरतात? नवरीकडे की नवऱ्याकडे?"

कुठला अंतरपाट, ते मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

म्हणालो, नक्की ठाऊक नाही, विचारून कळवतो. स्वतःच्या लग्नातलं आठवून बघितलं. कापड खाली आलं आणि ही दिसली, तेवढं आठवतं. त्याच्या आधीचं काही नाही.

वहिनींना विचारलं. "अगो बाई, कुणी बघितलंय! भटजींना विचारा." भटजी लालबागला, देवळात सकाळी भेटतात. उद्या जाईन. नाहीतर परवा. लग्नाला अजून अकरा दिवस आहेत, आणि तिला एक फोन करायचा बाकी आहे.